हलका हात

मुसळाचा घाव उखळात पडणार तेवढ्यात द्वारकाबाईंना दारातली सावली दिसली आणि हात वरच्या वर थांबला. दारात शिवकन्या उभी होती. अंगणवाडीची सेविका, भावकीतली सून, आणि गेल्या अकरा वर्षांत या घराच्या उंबऱ्यावर पाय न ठेवलेली बाई.

"काकू, शुक्रवारी ग्रामसभा हाय. तुमी यायचं."

"मला काय कळतंय बाई सभेतलं? पोराला धाडते की, श्रीमंतला."

"श्रीमंतभावजी येत्यालच. तुमी पण या."

तिनं घडी घातलेला कागद पुढं केला. द्वारकाबाईंनी शेंगदाण्याचे हात पदराला पुसून तो घेतला, पण नजर कागदावर न जाता शिवकन्याच्या डाव्या मनगटावर गेली. तिथं घड्याळ होतं आणि घड्याळाच्या पट्ट्याखालून बोटभर पांढरा व्रण डोकावत होता.

"बस की. चहा टाकते."

"नको. पोरं वाट बघत्यात."

ती गेली. चटणी कुटायची राहिली ती राहिलीच. दोन यत्ता शिकलेल्या द्वारकाबाई उंबऱ्यात बसून अक्षराला अक्षर लावत राहिल्या. नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडू नयेत, कुंकू पुसू नये, जोडवी उतरवू नयेत, असा गावानं ठराव करावा. खाली सूचक म्हणून शिवकन्याची सही होती. तिच्या शेजारी 'अनुमोदक' असं लिहिलं होतं आणि पुढची जागा कोरी होती.

या गावात बांगड्या फोडायचं काम द्वारकाबाईंचं होतं. तसं कुणी नेमून दिलेलं नव्हतं, पण गावात कुणी कुठलं काम नेमून देत नाही. ते ज्याच्या त्याच्या गळ्यात येऊन पडतं. अशा वेळी सवाष्णीनं हात लावायचा नाही, विधवेनंच लावायचा, ही रीत. स्वतः द्वारकाबाईंचं कपाळ सत्ताविसाव्या वर्षी उघडं झालं, तेव्हा भावकीतल्या प्रयागबाईंनी त्यांच्या बांगड्या फोडल्या होत्या, दगड आडवातिडवा हाणत. आठ दिवस मनगटं सुजलेली होती. पुढं प्रयागबाईंची नजर अधू झाली आणि तो दगड यांच्या हाती आला. द्वारकाबाईंनी त्याच दिवशी मनाशी ठरवलं की आपण कुणाला लागू द्यायचं नाही. मनगटाखाली पदराची घडी ठेवायची, एकेक बांगडी सुटी धरायची, एकच ठोका घालायचा. काच कातडीला शिवायची नाही.

बायका म्हणायला लागल्या, द्वारकाबाईचा हात लई हलका. शेजारच्या दोन गावांतून बोलावणं यायचं. आणि आज आठवलं की जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटायला लावणारी गोष्ट ही, की तेव्हा त्यांना त्याचं बरं वाटायचं. अडलेली बाळंतीण सोडवून घरी परतणाऱ्या सुईणीला वाटावं, तसं.

तो हात एकदाच जड झाला होता, शिवकन्याच्या वेळी.

तिचा नवरा विहिरीवरची मोटार चालू करायला गेला आणि शॉक लागून तिथंच पडला. शिवकन्या चोवीस वर्षांची, दोन वर्षांची अक्षरा तिच्या मांडीवर. ती रडत नव्हती. दोन्ही मुठी आवळून बसली होती.

"काकू, दोन राहू द्या," ती म्हणाली होती. "दोनच. पोरगी त्या आवाजावर झोपती."

आणि द्वारकाबाई म्हणाल्या होत्या, "गप. ज्याच्यासाठी वाजायच्या तो गेला. आता कुणाला ऐकवायच्यात?"

मूठ सुटेना म्हणून त्यांनी जोर लावला. काच आत गेली, रक्ताची धार लागली, दवाखान्यात तीन टाके पडले. पण द्वारकाबाईंना रक्तापेक्षा ते वाक्य जास्त छळायचं. ते ऐकून जमलेल्या बायकांनी माना डोलावल्या होत्या. त्याचा त्यांना असा काही धीर आला, की पुढं आणखी चार घरांत त्यांनी तेच वाक्य जसंच्या तसं वापरलं.

शिवकन्या पुढं बारावी झाली. अंगणवाडीत रुजू व्हायला गेली त्या दिवशी कपाळाला बारीक टिकली लावून गेली. गाव महिनाभर बोललं, मग गावाला दुसरा विषय मिळाला. द्वारकाबाई मात्र तिला लांबून येताना पाहिलं की गल्ली बदलायच्या. गेली तीन वर्षं कुठं बोलावणं आलं की त्या गुडघा दुखतो म्हणून सांगायच्या. गुडघा खरंच दुखायचा, नाही असं नाही. पण बसता येत नाही म्हणून हे काम सोडलं आणि हे काम नको म्हणून सोडलं, यातला फरक त्यांनी अजून कुणाला सांगितला नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी महारुद्र आला. नात्यानं चुलत दीर, वयानं धाकटा, पण भावकीत शब्द त्याचा चालायचा. माणूस वाईट नव्हता. द्वारकाबाईंचा नवरा गेला तेव्हा श्रीमंत कुशीत होता. पुढची तीन वर्षं त्यांच्या रानातली पेरणी महारुद्रनं स्वतः केली होती आणि एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. आज तो पेढे घेऊन आला होता. त्याच्या रणधीरला मुलगा झाला होता, सुनेला, आरोहीला, माहेराहून नुकतंच आणलं होतं.

"वैनी, उद्या सभेत तुमचं नाव निघंल," तो चहा बशीत ओतत म्हणाला.

"कशापायी, भावजी?"

"शिवकन्या गावाला नावं ठेवायलीय. पेपरवाले बी बोलावलेत म्हणं. आमी बापय कवा कुणाच्या बांगड्या फोडाय गेलो का? बायकाच करत्यात. तुमी उठून एवढंच म्हणायचं, ही बायकांची रीत हाय, कुणाची जबरदस्ती न्हाय. तुमच्या शब्दाच्या पुढं कोण जातंय?"

द्वारकाबाई बशीतल्या चहाकडं बघत राहिल्या.

"खोटं तर न्हाय ते," त्या हळूच म्हणाल्या.

"व्हय ना? मग झालं तर!"

तो हसून उठला. पेढ्याचा पुडा रात्रभर तसाच फडताळात राहिला. द्वारकाबाईंना काही तो उघडवला नाही.

सभा मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात भरली. बापे खुर्च्यांवर, बायका भिंतीकडेला सतरंजीवर. रस्ता झाला, नळ झाला, पीकविम्यावर तासभर तोंडाची वाफ दवडून झाली, आणि मग शिवकन्या उभी राहिली. तिचा आवाज सरळ होता. वाचून झाल्यावर ग्रामसेवकांनी विचारलं, "अनुमोदन कोण देतंय?"

ग्रामसेवकांनी पुन्हा विचारलं. भिंतीकडेच्या बायका पदर सावरायला लागल्या. शिवकन्या कागद धरून तशीच उभी होती आणि मागं बसलेली दोन पोरं खुसूखुसू हसत होती.

"ह्याच्यात आमा बापयांचा काय संबंध?" महारुद्र खुर्चीतूनच म्हणाला. "हे बायकांचं बायका बघत्यात. आमच्या द्वारकावैनी हायत्या, त्यांनाच इचारा."

सगळ्या माना वळल्या. द्वारकाबाई भिंतीला हात टेकून उठल्या. गुडघ्यात कळ आली ती बरी वाटली. निदान ती खरी होती.

"भावजी म्हणत्यात ते बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "बायकाच करत्यात. म्या केलंय."

महारुद्रनं समाधानानं मान हलवली.

"पयली सटवाजीची सून, शेवंता. लाल हुत्या, आठ. मग कोंडाबाई, तिच्या काळ्या. मग गिरजा. तिनं दिवाळीला नव्या भरल्या हुत्या, कासाराची चिट्टी बी निघाली नव्हती त्यांच्यावरची."

नाव घेतलं की सतरंजीवरची ती ती बाई मान खाली घालायची. द्वारकाबाई एकेक नाव घेत गेल्या. रंग आठवत होते, आकडे आठवत होते. आपल्याला हे सगळं इतकं चोख पाठ आहे, हे त्यांना स्वतःलाच आज कळत होतं. मागची दोन पोरं हसायची थांबली.

"एकोणीस जणी," त्या म्हणाल्या. "लागू दिलं न्हाय म्हणून समद्यांनी नावाजलं. मला बी वाटायचं, म्या चांगलंच करायले. अठरा जणी काय बोलल्याच न्हाईत. त्यांना वाटलं आसंल, नको म्हणायची सोयच न्हाय. एक म्हणली. तिचं म्या ऐकलं न्हाय, वरून बोलले बी. काय बोलले ते तिला ठावं हाय. हितं पुन्यांदा म्हणवत न्हाय मला."

त्यांनी शिवकन्याकडं बघितलं नाही. महारुद्रकडं बघितलं.

"भावजी, तुमी पेरणी करून दिली तवा माझं लेकरू जगलं. ते म्या इसरले न्हाय. पण ह्या रीतीला हात माझाच लागत हुता. तो आता मिळायचा न्हाय." मग ग्रामसेवकांना म्हणाल्या, "आना तो कागुद हिकडं."

कोऱ्या जागेत त्यांनी वाकडीतिकडी सही केली. मग आधी शेवंतानं हात वर केला, मग गिरजानं, मग बापयांच्या खुर्च्यांतूनही हात वर झाले. महारुद्रचा हात गुडघ्यावरच राहिला. ठराव मंजूर झाला, टाळ्या पडल्या, पेपरवाल्यानं फोटो काढला. बाई लई धीराची, असं कुणीतरी म्हणालं.

टाळ्या ऐकताना द्वारकाबाईंना शरम वाटली. फोडल्याबद्दल नावाजलं होतं याच लोकांनी, आणि आता फोडल्याचं सांगितलं म्हणून पुन्हा नावाजत होते.

शिवकन्यानं कागद परत घेतला, सही नीट पाहिली.

"बरोबर हाय," ती म्हणाली आणि फाईल बंद करून अंगणवाडीकडं निघाली. द्वारकाबाई तिच्या पाठीकडं बघत राहिल्या. तिच्याकडून आपल्याला काय हवं होतं, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

उसाचा हंगाम सुरू झाला. मार्गशीर्षातल्या एका सकाळी ढोकीच्या वाटेवर उसाची ट्रॉली उलटली आणि ट्रॅक्टरवरचा रणधीर खाली सापडून जागीच गेला. दुपारपर्यंत त्याला घरी आणलं.

"आई, तू जाऊ नको," श्रीमंत म्हणाला. "तुला बघून लोकांच्या मनात काय बी येईल."

"म्हणूनच जाते," द्वारकाबाई म्हणाल्या. "म्या न्हाय गेले तर दुसरं कुणीतरी दगड हुडकंल."

महारुद्रच्या अंगणात माणूस मावत नव्हतं. द्वारकाबाईंना पाहताच बायकांनी सवयीनं बाजूला होऊन वाट करून दिली, पूर्वी द्यायच्या तशीच. चौकटीपाशी महारुद्र बसला होता. त्यानं वर बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. ठरावाचं नाव कुणी काढत नव्हतं.

आत भिंतीला टेकून आरोही बसली होती. शिवकन्या तिच्या शेजारी, पाठीवर हात ठेवून. कोपऱ्यात एका मावशीच्या हातात चार महिन्यांचं पोर किंचाळत होतं. आरोहीनं मान वर केली आणि तिला द्वारकाबाई दिसल्या.

तिचा हुंदका थांबला. तिनं मनगटानं नाक पुसलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत दोन्ही हात पुढं केले. हिरवा चुडा कोपरापर्यंत होता. मुठी सैल सोडलेल्या होत्या. मूठ आवळली की लागतं, हे तिला कुणीतरी सांगितलेलं असणार.

सभेत एकोणीस नावं घेतली तेव्हा द्वारकाबाईंना वाटलं होतं, सगळं सांगून झालं. बाळंतपणाचं ओलं अंग म्हणून ही पोर त्या दिवशी सभेला आलीच नव्हती. हिच्यासाठी द्वारकाबाई म्हणजे अजूनही तो दगडच होता. पुढं केलेले ते हात हवेत तसेच होते आणि घरातल्या सगळ्या बायका बघत होत्या.

गुडघ्याची पर्वा न करता द्वारकाबाई खाली बसल्या. मावशीच्या हातातून त्यांनी रडणारं पोर घेतलं आणि आरोहीच्या पुढं केलेल्या हातांवर ठेवलं.

आरोहीला काही कळलं नाही. हात आपसूक मिटले, पोर छातीशी गेलं आणि सगळा चुडा खळखळून वाजला.

"हालव," द्वारकाबाई म्हणाल्या. "हालव माय. त्याला ह्यो आवाज ओळखीचा आसंल."

आरोहीच्या पाठीवर फिरणारा शिवकन्याचा हात थांबला. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं द्वारकाबाईंच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

द्वारकाबाईंना ती नजर झेपली नाही. पोर हळूहळू शांत होत गेलं, आणि त्या खाली मान घालून बांगड्या ऐकत राहिल्या.