तळाशी बसलेली कासवीण

मित्रांनो, कडेचा टवका उडालेला, अंगाला धुराची काजळी बसलेला असा मी एक जुना मातीचा वाडगा आहे. बोबोनासा नदीकाठी आम्हाला मुकावा म्हणतात. युका नावाचा कंद उकडून, चघळून, आंबवून केलेली चिचा माझ्यातून पितात. दिसायला बापुडा असलो तरी माझ्या पोटात एकदा डोकावून बघा. तिथे एक कासवीण बसली आहे.

मला अल्सिराने घडवले. ती तेव्हा या घरात नवी सून होती, नदीच्या खालच्या अंगाच्या दूरच्या गावातून आलेली. तिने मातीच्या वळ्या एकावर एक चढवल्या, भोपळ्याच्या तुकड्याने मला गुळगुळीत केले आणि स्वतःच्याच केसांचा कुंचला करून आत चित्र काढले. तिची सासू सोइला शेजारीच बसून सगळे बघत होती. मडकी घडवण्यात तिचा हात धरणारे गावात कोणी नव्हते.

"सूनबाई, हे कासव आहे की चुलीत पडलेलं केळं?"

"हे चित्र माझ्या आईकडून आलंय," अल्सिरा म्हणाली. "तुमच्या घरच्या नक्षीतला अजगर दुसऱ्या वाडग्यावर काढते ना, आई."

"काढ. अजगर वाकडा आला तरी कुणी नावं ठेवत नाही."

मी विस्तवातून बाहेर आलो तेव्हा अंग नुसते पोळत होते. त्या गरम अंगावरच अल्सिराने झाडाचा डिंक फिरवला आणि मला चकाकी आली. सोइलाने टिचकी मारली, मी खणकन वाजलो. "आवाज बरा आहे," ती म्हणाली. तिच्या तोंडून एवढे निघणे ही मोठी शाबासकी असते, हे मला पुढे कळले.

चिचा पाजायची आमच्याकडे एक रीत आहे. बाई वाडगा पुढे करते, पिणारा पितो, आणि त्याने उरवली तर उरलेली त्याच्या डोक्यावर ओतायची. अल्सिराचा नवरा फाउस्तो मुद्दाम शेवटचा घोट ठेवायचा आणि "ओत" म्हणून डोके पुढे करायचा. ती ओतायची, मग दोघे पोट धरून हसायचे. ते हसणे मला फार आवडायचे. पण त्यामुळे माझा तळ त्याने कधी नीट पाहिलाच नाही.

सोइलाच्या घरचा उत्सव म्हणजे कासवाची अंडी, हे ठरलेले होते. पाऊस ओसरून नदी उतरली की कासविणी वाळूच्या पट्ट्यावर येत आणि अंडी पुरून जात. ती खायला लांबलांबून पाहुण्यांच्या होड्या येत. सोइलाच्या वाढण्याला नावे ठेवणारा अजून जन्माला यायचा होता.

मग एका वर्षी, उत्सवाच्याच दिवशी, फाउस्तोने सकाळभर वाळू उकरली आणि त्याला एकच घरटे सापडले. त्यातली सगळी अंडी टोपलीत घालून तो घरी आला.

"एवढीच?" सोइलाने विचारले.

"पट्ट्यावर दुसरी पावलंच नाहीत, आई."

"असू दे. पातळ रश्शात घालू, पुरवून वाढू."

अल्सिरा टोपलीकडे बघत राहिली. तिचे हात मी ओळखतो. त्या दिवशी ते गार पडले होते. माहेरी तिने हे सगळे आधी पाहिले होते: अंड्यांच्या टोपल्या, मग एकच टोपली, मग काहीच नाही. तिने मला भरले आणि फाउस्तोपुढे धरले. नेहमीसारखा शेवटचा घोट ठेवून त्याने डोके पुढे केले.

"आज नाही ओतणार. आज तळ बघ."

"का गं, रागावलीस?"

"पी आधी."

तो प्यायला. तळाशी कासवीण त्याच्याकडेच बघत होती. "चांगली काढलीयस की," तो म्हणाला.

"आजी नदीकडे बघून काढायची. माझी आई आजीच्या वाडग्याकडे बघून काढायची. मी नुसती आठवून काढलीय. माझ्या माहेरी आता हिच्याशिवाय दुसरी उरली नाही, फाउस्तो. आणि ही चित्रातली काही अंडी घालत नाही."

अंगणातून रामिरो नावाच्या पाहुण्याची हाक आली, "सोइलाबाई, अंडी शिजतायत की उबवताय?" सगळे हसले. माझा जीव मात्र टांगणीला लागला होता. सोइलाच्या घरचे नाव त्या टोपलीवर अवलंबून होते.

चुलीपाशी बसून सगळे ऐकणारी सोइला उठली. तिने टोपली उचलून मुलाच्या हातात दिली. "होती तिथेच पुरून ये. वरची बाजू वरच राहू दे, नाहीतर आतली पिल्लं मरतील." मग ती अंगणात गेली. "अंडी नाहीत, रामिरो. मासे आहेत, केळी आहेत, आणि चिचा इतकी आहे की तू पोहत घरी जाशील."

त्या दिवशी पाहुणे हसत जेवले, पण होडीत बसताना कोणीतरी म्हणालेच, "सोइलाचं घर आता आटलं." पुढे कित्येक वर्षे तिने अंडी वाढलीच नाहीत, आणि तितकी वर्षे तिला ते ऐकावे लागले. तिने एकदाही सुनेला बोल लावला नाही. म्हणून मला ती म्हातारी जीव की प्राण आहे.

मध्यंतरी घरात प्लास्टिकचे मग आले. मी चुलीमागे पडलो आणि कोंबड्या माझ्यातून पाणी पिऊ लागल्या. टवका उडाला तो तेव्हाच. वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू?

परवाच्या उत्सवात सोइला म्हणाली, "तो करपलेल्या केळ्याचा वाडगा आणा." तिला आता दिसत नाही. अल्सिराने मला घासून, भरून तिच्या ओठांशी धरले.

"पट्ट्यावर पावलं किती आहेत रे?" सोइलाने मुलाला विचारले.

"मोजता येत नाहीत, आई. सगळा पट्टा तुडवलाय."

त्या दिवशी प्रत्येक पाहुण्याच्या पानात एकेक अंडे पडले. बाकीची वाळूतच राहिली. सोइला सावकाश प्यायली, शेवटचा घोट ठेवला आणि आपले पांढरे डोके सुनेपुढे केले.

"ओत."

अल्सिराने ओतले. सासूच्या नाकावरून चिचेचे ओघळ आले, आणि दोघी हसता हसता रडल्या.

मित्रांनो, मी वाडगा आहे, उपाशी राहा असे तुम्हाला कसे सांगू? पोटभर खा. पण तळाशी कोण बसले आहे ते एकदा बघा, आणि शेवटचा घोट तिच्यासाठी ठेवा.