मितालीचं उदाहरण

“सेटिंग म्हणजे बॅकग्राउंड. बॅकग्राउंड म्हणजे सेटिंग. झालं की!” मितालीने पेन टाकलं. उद्या तिचा इंग्रजीचा पेपर होता.

“व्याख्या घोकून कथा कळत नाही गं,” कणीक मळता मळता जयमाला म्हणाली. “आधी बघ, कुणाला काय हवंय? आणि आडवं कोण येतंय? तो संघर्ष.”

पुण्याच्या कॉलेजात ती हेच शिकवायची. टोकियोत निशी-कसाईला आल्यापासून बेंतोचे, म्हणजे तयार जेवणाचे, डबे भरायच्या कामावर जात होती. पण कथेचं नाव निघालं की जात्याच्या खुंट्याला हात लागताच ओवी यावी, तसे शब्द ओठी येत. बिनपगारी रजा संपत आली होती. आज तिकडे कॉलेज सुटायच्या आत विभागप्रमुख नीलकंठसरांना सांगायचं होतं: येते. एकटी राहीन, पण येते.

“मग आपलंच घर घेते,” मिताली म्हणाली. “हीरो बाबा. त्यांना मॅनेजर व्हायचंय. आडवे येतात त्यांच्या ऑफिसातले सातो-सान. मी साइड कॅरेक्टर.”

“आणि मी?”

मितालीने जरा विचार केला. “तू सेटिंग. म्हणजे... तू असतेसच ना, आई!”

लॅपटॉपमागून जयमालाचा नवरा उदय खो खो हसला. “मिताली-सान, फुल मार्क्स!”

जयमालाही हसली. हात धुऊन तिने फोन उचलला.

“कॉलेजला ना? अगं, मी सकाळीच बोललो सरांशी. येत नाही म्हणून सांगून टाकलं. तुला किती जड गेलं असतं!”

इथल्या ऑफिसांची ही रीत. बैठकीआधी एकेकाला गाठायचं, विचारायचं, ठरवायचं. मग बैठकीत कुणावर नाही म्हणायची पाळी येत नाही. उदयने ती रीत घरी आणली होती. विचारायचं तेवढं वाटेत सांडलं होतं.

“मी हो म्हणणार होते.”

“काहीतरीच! आणि आता? सरांनी तुझ्या जागी दीप्तीला घेतलंसुद्धा.”

ती फोन घेऊन बाल्कनीत गेली.

“बोला मॅडम,” सर म्हणाले. “उदयरावांनी सांगितलं. छान रमलात म्हणे तिकडे.”

समोरच्या पुलावरून मेट्रो धडधडत गेली.

“सर, कथेचा पेपर दीप्तीच घेईल ना? तिला म्हणावं, पहिल्या तासाला व्याख्या नको देऊ. आधी एक गोष्ट सांग, पुरती. मग विचार, ही गोष्ट कुणाची? मुलं आधी चुकीचंच नाव घेतात. रागावू नको म्हणावं.”