खिडकी नसलेल्या भिंतीचा पडदा

कलाबाईंनी सुनंदाबाईंना सांगितलेल्या सिनेमात नायकाची आई शेवटपर्यंत जिवंत होती. खलनायक तिच्या पाया पडला, तिने त्याला पोटभर जेवू घातलं, आणि तो हात धूत असतानाच पोलीस आले. ओट्यावर बसलेल्या सुनंदाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

आतल्या खोलीत पेपर तपासणाऱ्या मृणालीचा हात थांबला. तोच सिनेमा तिने आदल्या दिवशी, रविवारी, घरच्या सगळ्यांबरोबर पाहिला होता. त्यातली आई मध्यंतराआधीच गेली होती, आणि खलनायकाने शेवटपर्यंत कोणाच्या घरी काही खाल्लं नव्हतं.

मृणाली धुळ्याच्या देवपुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. बोलणं कमी, पण एखादी गोष्ट जुळली नाही की ती तिच्या डोक्यातून जात नसे. तिच्या सासूबाई म्हणजे गल्लीचं सिनेमागृह. रविवारी बघितलेला सिनेमा सोमवारी दुपारी त्या ओट्यावर असा सांगायच्या की शेजारच्या सुनंदाबाई तो पाहायचे कष्टच घेत नसत. संवाद जसेच्या तसे, मध्ये गाण्याची ओळसुद्धा. पण अलीकडे सिनेमा सुरू होऊन थोडा वेळ गेला की कलाबाई "भाकरी टाकते" म्हणून उठायच्या, आणि परत यायच्या त्या पडद्यावर नावं सरकायला लागल्यावर.

संध्याकाळी मेथी निवडताना मृणालीने हळूच विचारलं, सिनेमातलं नीट ऐकू येत नाही का.

कलाबाईंनी एक जुडी पूर्ण निवडून झाल्यावर उत्तर दिलं. "आवाज येस, माय. शब्द येत नहीत." मग मुलाचं नाव घेताना आवाज आणखी खाली आणून त्या म्हणाल्या, "भूषणला सांगू नको. तो उद्याच नाशिकला नेऊन कानात यंत्र बसवेल, आणि परवा ती सुनंदा गल्लीभर सांगेल."

मृणालीने मान हलवली. कानाचं नंतर पाहता येईल. आधी खोलीचं पाहावं असं तिने ठरवलं. घरात कोणी नसताना ती कलाबाईंच्या खुर्चीत बसली आणि तिने एक सिनेमा लावला. ढगांचा गडगडाट छातीत ऐकू आला. समोरचा माणूस बायकोला काहीतरी महत्त्वाचं सांगत होता, ते मात्र धड कानाच्या मृणालीलाही कळलं नाही.

आता ही होम थिएटरची यंत्रणा घरात आली कशी, ते सांगायला हवं. मृणालीच्या नणंदेचे, शिल्पाताईंचे यजमान समाधान जळगावला असतात. ते पूर्वी लग्नांत साउंड लावायचे; आता मोबाइलचं दुकान आहे, पण जीव साउंडमध्येच. मेहुण्याला, म्हणजे मृणालीच्या नवऱ्याला, बुद्धभूषणला, त्यांनी शब्द दिला होता की धुळ्यात कोणाकडे नसेल असा हॉल करून देतो. एके दिवशी ते टेम्पोच घेऊन आले. सबवूफर, म्हणजे गडगडाटाचा डबा, त्यांनी स्वतः प्लायवूडचा बनवलेला, धान्याच्या कोठीएवढा. समोरचे दोन उंच स्पीकर एका सेटमधले, संवादांचा मधला छोटा स्पीकर दुसऱ्याच सेटमधला. सगळं जुळतं का, असं मृणालीने विचारलं तेव्हा समाधानदाजी म्हणाले, काळा रंग सगळ्यांचा सारखाच आहे.

मांडणीत घरच्यांनीही आपापला हात लावला. सबवूफर कोपऱ्यात गेला, कारण कोपरा रिकामा होता. मधला स्पीकर शोकेसमध्ये, काचेच्या दाराआड, कप आणि ढालींच्या शेजारी बसला, कारण धूळ बसू नये. आणि मागचे दोन स्पीकर भिंतीला जिथे खिळे होते तिथे लागले. भिंतींना नुकताच नवा रंग दिलेला. भूषण नवीन भोक पाडू देईना. म्हणून एक स्पीकर कॅलेंडरच्या खिळ्यावर आला आणि दुसरा स्वयंपाकघराच्या बोळात, जुन्या घड्याळाच्या खिळ्यावर. तेव्हापासून सिनेमात गोळीबार झाला की अर्ध्या गोळ्या भाकरी थापणाऱ्या कलाबाईंच्या पाठीमागे सुटत.

पहिल्या दिवशी आवाज ऐकून सगळे एकमेकांकडे पाहायला लागले होते. तेव्हा दाजींनी समजावलं की स्पीकर नवे आहेत, ते हळूहळू उघडतात, जरा धीर धरा. मृणालीने त्या वेळी एकदाच, सबवूफर कोपऱ्यातून काढावा असं सुचवलं होतं. दाजी हसले. म्हणाले, "वहिनी, पुस्तकातला साउंड वेगळा आणि वरातीतला वेगळा." आणि त्यांनी सबवूफरचं बटण आणखी वाढवलं.

त्यामुळे पुन्हा सुचवण्यात अर्थ नव्हता. पण 'हळूहळू उघडतात' हे वाक्य मृणालीला फार आवडलं. दाजींनी स्वतःच दार किलकिलं ठेवलं होतं. ते उघडलं कोणी, हे विचारायला कोण येणार होतं?

सुरुवात सासऱ्यांपासून झाली. आधारआबा रोज सकाळी हॉलमधली बाबासाहेबांची तसबीर पुसत, आणि गेले काही सोमवार ती त्यांना तिरपी सापडत होती. ते ती सरळ करत, रविवारी ती पुन्हा कलायची. ही भुताटकी नाही, कोपऱ्यातल्या डब्याने भिंत हादरते, एवढंच मृणाली चहा देताना सहज बोलली. आबा चहा अर्धा टाकून उठले. संध्याकाळी भूषण घरी आला तेव्हा सबवूफर कोपऱ्यातून निघून सोफ्याशेजारी आला होता आणि आबा हात पुसत होते. त्यांच्याशी वाद घालायची त्या घरात पद्धत नव्हती.

पुढच्या रविवारी भूषणने कान टवकारले. म्हणाला, थोडा उघडला वाटतं. त्याने जळगावला फोनही केला. दाजी म्हणाले, मी सांगितलंच होतं.

मग शोकेसच्या दाराची बिजागरी मोडली. कशी मोडली ते मृणालीलाच माहीत. स्क्रू तिच्या पर्समध्ये होते. काचेची दारं माळ्यावर गेली आणि सुतार काही केल्या येईना, कारण त्याला कोणी बोलावलंच नव्हतं. मधला स्पीकर कप-ढालींतून पुढे फळीच्या कडेला आला. त्याच्या पुढच्या बाजूखाली तिने दोन खोडरबर सरकवले, म्हणजे त्याचं तोंड वर, बसणाऱ्यांच्या कानांकडे झालं. बोळातला स्पीकर रंगाला धक्का न लावता, चिकटपट्टीच्या हुकावर हॉलमध्ये आला. तो दिसल्यावर भूषणने विचारलं, तेव्हा बोळात फोडणीचा तेलकटपणा लागतो असं तिने सांगितलं. हे खरंही होतं.

उरलं सबवूफरचं बटण. ते मृणाली रोज कॉलेजला जाण्यापूर्वी केसभर कमी करायची. एकदम कमी केलं असतं तर कळलं असतं. पण दोन-चार दिवसांत तिच्या लक्षात आलं की बटण आपण ठेवलं त्याहून खाली जातंय. तिने पेन्सिलीने बारीक खूण केली. दुसऱ्या दिवशी बटण खुणेच्या खाली होतं. तिने वाकून पाहिलं. काळ्या बटणावर पांढुरकं पीठ होतं, आणि बोटांचे दोन ठसे.

ती स्वयंपाकघरात गेली. कलाबाई ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी थापत होत्या. मृणालीने ओलं फडकं घेतलं, त्यांच्या देखत हॉलमध्ये जाऊन बटण पुसलं आणि परत येऊन फडकं जागेवर ठेवलं.

"आई, फार खाली गेलं तर ढग गडगडणारच नाहीत. दाजींना कळेल."

कलाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. "मग हात धुऊन लावत जाऊ का?"

तेव्हापासून त्या दोघींनी मिळून काम केलं. खोलीचा मोठा दोष अजून तसाच होता. खाली गुळगुळीत फरशी, समोर टीव्ही, आणि सोफ्यामागे भलीमोठी उघडी भिंत. प्रत्येक शब्द त्या भिंतीवर आपटून परत यायचा आणि पुढच्या शब्दाच्या अंगावर पडायचा. भिंतीला काहीतरी जाड आणि मऊ हवं होतं, असं मृणालीने सासूबाईंना सांगितलं. कलाबाईंनी क्षणभर विचार केला आणि पलंगाखालची पेटी ओढली. पेटीत त्यांनी हाताने शिवलेल्या गोधड्या होत्या. लुगड्यांच्या, आबांच्या जुन्या धोतरांच्या, भूषणच्या शाळेच्या सदऱ्याच्या. भूषणला त्या पाहुण्यांसमोर काढलेल्या आवडत नसत, म्हणून त्या कित्येक वर्षं पेटीतच होत्या.

भिंतीवर गोधड्या टांगल्या तर भूषण एका दिवसात काढील, हे उघड होतं. पण भूषणचा एक कच्चा दुवा मृणालीला ठाऊक होता: मॅचिंग. समोरच्या खिडकीला पडदा आहे आणि मागची भिंत बोडकी दिसते, सोफ्याच्या रंगाचा एक पडदा तिथेही असता तर हॉल भरल्यासारखा वाटला असता, एवढं ती जेवताना म्हणाली. खिडकी नाही तिथे पडदा कशाला, असं आबा म्हणाले. तोपर्यंत भूषण मोबाइलवर पडद्यांचे रंग पाहायला लागला होता.

पडदा आला, आणि मॅचिंगपुढे भूषणने नव्या रंगात दांडीची भोकंही पाडू दिली. भूषण ऑफिसला आणि आबा वाचनालयात गेले की दोघी स्टुलावर चढायच्या. पडद्याच्या आत दुसरी दांडी, तिच्यावर एकावर एक गोधड्या, आणि मग वरून मॅचिंग. बाहेरून काही दिसेना. फक्त एका सकाळी, खिडकी नाही तिथे पडद्यामागे आहे तरी काय, म्हणून आबांनी तो बाजूला केला. स्वतःच्या जुन्या धोतराकडे ते जरा वेळ पाहत राहिले, मग पडदा सोडून ते वर्तमानपत्र घेऊन समोरच्या खिडकीपाशी बसले. त्याबद्दल ते कोणाशीही बोलले नाहीत.

आणि मग जळगावहून फोन आला. स्पीकर पूर्ण उघडलेत असं भूषण म्हणतोय, तर रविवारी स्वतः येऊन शेवटचं सेटिंग करतो, असं दाजी म्हणाले. भूषण खूश झाला. दोघी सासू-सुना मात्र त्या रात्री नीट जेवल्या नाहीत. दाजींनी सेटिंग केलं म्हणजे डबा पुन्हा कोपऱ्यात, बटण पुन्हा वर, आणि कलाबाई पुन्हा भाकरीकडे.

रविवारी दाजी आणि शिल्पाताई आले. जेवणं झाली, सिनेमा लागला. डबा खुद्द आबांनी हलवलाय म्हटल्यावर दाजींनी तो तिथेच राहू दिला आणि ते डोळे मिटून बसले. थोड्या वेळाने त्यांनी हात वर केला, सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"उघडले," दाजी म्हणाले. "असे उघडायला नशीब लागतं. बटण जरा वाढवलं की झालं."

ते उठणार तेवढ्यात त्यांना उकडायला लागलं. माणसं बरीच होती आणि दुपार खानदेशातली. बटण राहू द्या, आधी ती मागची खिडकी उघडतो, असं म्हणत ते पडद्याकडे वळले. इतकी वर्षं या घरचे जावई असूनही त्यांना ती भिंत माहीत नव्हती, यात नवल नव्हतं. जावयाला या हॉलमध्ये कायम टीव्हीकडे तोंड करून बसवलं जायचं, आणि स्पीकर लावतानाही त्यांनी भिंतींपेक्षा खिळेच पाहिले होते.

भूषणने तोंड उघडलं. "दाजी, तिथे तर..."

"भूषण," आबा म्हणाले. भूषणने तोंड मिटलं.

दाजींचा हात पडद्याला लागला होता. मृणालीने आपल्या सासूबाईंकडे पाहिलं. कलाबाईंची नजर टीव्हीवर होती. सिनेमातल्या म्हातारीने नातवाला काहीतरी सांगायला सुरुवात केली होती, अगदी हळू आवाजात.

"जवाईबापू," कलाबाई मान न वळवता म्हणाल्या, "ती खिडकी उघडली तर डास येतील. बटणालाही हात लावू नका. बसा खाली. ती म्हातारी काय सांगे ते ऐकू द्या माले."

सासू जावयाला अशी बोलत नाही. दाजी इतके चकित झाले की सरळ खाली बसले, तेही फरशीवर. खोलीत शांतता झाली, आणि त्या शांततेत म्हातारीचं कुजबुजणं सोफ्याच्या शेवटच्या टोकापर्यंत आलं. ती एक पाचकळ विनोद सांगत होती. सगळ्यांत आधी कलाबाई हसल्या. बाकीचे मागून.

नावं सरकली तेव्हा कलाबाई खुर्चीतच होत्या. रात्रीची भाकरी त्या दिवशी भूषणने बाहेरून आणली.

निघताना शिल्पाताईंनी आईला बाजूला घेऊन विचारलं की आमच्या घरी तर नुसतं घुमतं, इथे असं कसं. थोड्या वेळाने कलाबाईंनी दोन गोधड्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवल्या. दाजी हसायला लागले. जळगावच्या उन्हात गोधड्या पांघरू का, असं त्यांनी विचारलं. शिल्पाताई म्हणाल्या की नाही, घरी गेल्यावर आधी पडदा घ्यायचाय.

सोमवारी कलाबाईंनी सुनंदाबाईंना सिनेमा सांगितला. शब्दन् शब्द. म्हातारीचा विनोद, नातवाचं भांडण, शेवटी दोघांची ताटातूट. मृणाली आत पेपर तपासत होती आणि कुठेच तिचा हात थांबला नाही. सुनंदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"बरा आहे," त्या उठता उठता म्हणाल्या. "पण कलाताई, आता सिनेमात पहिल्यासारखा दम राहिला नाही. मागचे कसे, पोटभर असायचे."

कलाबाई पदर झटकून आत गेल्या.

त्याच्या पुढच्या रविवारच्या सिनेमात नायिकेचा भाऊ दवाखान्यात वारला. कलाबाईंनी ते स्पष्ट ऐकलं होतं; डॉक्टरचं वाक्यही त्यांनी मृणालीला रात्री म्हणून दाखवलं. आणि सोमवारी दुपारी आतल्या खोलीत मृणालीचा हात पुन्हा थांबला. ओट्यावर तो भाऊ पलंगावर उठून बसला होता, आणि बहिणीकडे कळण्याची भाकरी आणि ठेचा मागत होता.