घमेल्यातली तेलकट झाकणं

डोळे मिटा पाहू, बाळांनो. समजा, तुमचा हात एका घमेल्यात आहे. आत सरबताच्या बाटल्यांची झाकणं, प्रत्येकावर एकेका बाईची खूण रंगवलेली. जिचं झाकण तुम्ही वर काढाल, तिला रस्त्याचं काम. आणि समोरच्या गर्दीत तुमची आई उभी.

मध्य आफ्रिकेतल्या आमच्या गावात नंबोना तशीच बसली होती, डोळ्यांना फडकं बांधून. लढाईत घरं जळाली तसा माणसांचा एकमेकांवरचा विश्वासही जळाला. म्हणून सोडतीला मोठ्यांचा हात चालत नसे, लेकरूच लागे. काम पावसाळ्यापर्यंतचंच, तेही थोड्यांना. बाकीच्यांनी रानातून मोळ्या आणून विकायच्या. नंबोनाच्या आईची, याकोरोची, कंबर मोळ्या वाहून पार गेली होती.

सकाळी तिने लेकीच्या कानात सांगितलं होतं, "माझ्या झाकणाला तांबडं पाम तेल चोळलंय. बोटं घसरली की तेच उचल. एवढं कर गं बाई, आता माझ्यानं मोळी होत नाही."

नंबोनाने चाचपलं. एक झाकण घसरलं. तिने ते झटकन वर काढलं.

"झावा!" मुकादम ओरडला.

शेजारची झावाकाकू? नंबोनाने पुन्हा हात घातला. हेही घसरतंय. तेही. सगळं घमेलंच तेलकट!

"अगं, जरा खाली चाचप की," याकोरोच्या तोंडून निघून गेलं.

"खाली काय नि वर काय!" झावा म्हणाली. "गावात आज कालवणाला तेल उरलं नाही, याकोरो. सगळ्यांचं इथंच सांडलंय."

बाया हसल्या. दमलेलं हसू, लगेच विरलं. मुकादमाने नंबोनाची तांबडी बोटं पाहिली आणि घमेलं पुन्हा तिच्यापुढे सरकवलं. झाकणं निघत गेली. शेवटच्या जागेसाठी नंबोना बराच वेळ हात फिरवत राहिली. निघालं ते नदीकडच्या एका म्हाताऱ्या विधवेचं.

फडकं सुटलं. नंबोना आईकडे बघेना.

"आई, तुझं कुठलं ते कळलंच नाही गं मला."

"कसं कळणार?" याकोरो म्हणाली. "चल, ऊन चढायच्या आत निघू."

कंबरेला हात लावून ती वाकली आणि तिने कोयता उचलला.

नंबोनाने बोटं झग्याला पुसली, आईच्या हातातून कोयता काढून घेतला आणि रानाच्या वाटेला तीच पुढे लागली.