तळहातावरचं कालवण

करावे गावात वेणूबाईच्या घरी दोन चुली होत्या. थोरली स्वयंपाकघरातली, सगळ्यांची. धाकटी मागच्या पडवीत, शेवग्याच्या सावलीला, ती एकट्या वेणूबाईची. थोरलीवर बोंबील, कोळंबी, खाडीतले निवटे, सणासुदीला कोंबडी. धाकटीवर एक बोळकं, त्यात वाल नाहीतर शेंगा, पावसाळ्यात अळू. दोन्ही चुली पेटवायच्या वेणूबाईनेच. थोरलीवरचं रांधायचं, सगळ्यांना वाढायचं, मग हात राखेने घासून धुवायचे आणि बोळकं घेऊन पडवीत बसायचं.

ही काही तिची जन्माची रीत नव्हे. लग्नाच्या पंगतीत तिने दोन गड्यांचं म्हावरं एकटीने संपवलं होतं आणि सासू बयाबाईने शेजारणीला सांगितलं होतं की सून आणली का बगळी आणली, कळत नाही.

पण एकाहत्तर साली पुतळाला ताप भरला. चार वर्षांची एकुलती पोर, अकरा दिवस डोळा उघडेना. पनवेलच्या डॉक्टरांची बाटली संपली, बयाबाईचे काढे संपले. बाराव्या दिवशी वेणूबाई ओल्या लुगड्याने गावदेवीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, पोर वाचव माये, तिच्या मांडीवर तिचं पोर खेळेपर्यंत मी म्हावरं तोंडात घालणार नाही. मटण नाही, अंडंसुद्धा नाही. घरी येऊन तिने पोरीला मांडीवर घेतलं आणि झुलता झुलता तोंडाला आलं ते म्हणत राहिली:

पयली माझी ववी, गावदेवीच्या दाराशी
घास ठेविला मी, लेक घेतली उराशी.

चौथ्या दिवशी पुतळाने पेज मागितली.

त्याच आठवड्यातली गोष्ट. बोईट माशांचं कालवण शिजत होतं. वेणूबाईने सवयीने पळीतला थेंब तळहातावर घेतला आणि हात तोंडाकडे नेला. तिचा नवरा गोटीराम नुकताच मिठागरावरून आला होता, पायाला अजून खारं पाणी होतं. त्याने दारातूनच झडप घातली आणि तिचं मनगट धरलं. थेंब जमिनीवर सांडला. दोघं क्षणभर पोरीकडे बघत राहिली, जसं काही ती त्या थेंबावर पाय घसरून पडणार होती. मग गोटीरामने आपला तळहात पुढे केला. हितं घाल, म्हणाला, मी सांगतो.

तेव्हापासून तो तिची जीभ झाला. पहिल्या दिवशी तो कमी म्हणाला, तिने मीठ घातलं. अजून म्हणाला, तिने अजून घातलं. तिसऱ्या वेळी त्याचं तोंड असं झालं की अख्खा टोप उकिरड्यावर ओतावा लागला. वेणूबाई चुलीपुढे बसून रडली. ताप काढलेल्या पोरीच्या पानात घालायचं म्हावरं आपल्या हाताने फुकट गेलं, आपण आता रांधायच्याही कामाच्या राहिलो नाही, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी मात्र हाताला अंदाज आला. तिने बेताने मीठ घातलं, थेंब गोटीरामच्या तळहातावर ठेवला, त्याने चाटला, जरा थांबला आणि मान हलवली.

"बरोबर हाय."

तेव्हापासून सोळा वर्षं रोज बरोबरच होतं. वेणूबाईला त्याचा अभिमान होता. न चाखता, नुसत्या वासावर आणि हाताच्या अंदाजावर रांधणारी बाई गावात दुसरी नव्हती. ताटं वाढताना ती प्रत्येकाच्या ताटात डाव्या अंगाला चिमूटभर मीठ ठेवायची. ही रीत बयाबाईने केव्हातरी घातली होती. मिठागरावरच्या माणसाचं घर, दाराआड मिठाची गोणी उभी, ताटात मीठ असायचंच. गावात कुणाच्या लग्नाला बायका रांधायला जमल्या की वेणूबाईला भाताकडे बसवत, म्हणत, तुझं सोवळं, तू कशाला म्हावऱ्याच्या टोपाकडे येतंस. तिला बरं वाटायचं.

पुतळा मोठी होत गेली. शाळेतल्या पोरी तिला चिडवत, तुझी आयस भटीन हाय. बारा वर्षांची असताना एकदा तिने ताट पुढे ढकललं आणि सांगितलं की आयेला नाही तर मलाही नको. वेणूबाईने उभ्या जन्मात एकदाच पोरीवर हात उगारला, तो तेव्हा. तुना खायाला मिळावं म्हनून मी सोडलंय, म्हणाली, आता तू सोडलंस तर मी काय मिळवलं? पुतळाने रडत रडत खाल्लं. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

शेतं सिडकोत गेली, मिठागर बंद पडलं, शिरवण्याच्या बाजूला इमारती उठल्या. गोटीराम पागाचं जाळं घेऊन खाडीवर जाऊ लागला. पंच्याऐंशी साली पुतळाचं लग्न झालं. जावई अरविंद कंपनीत फिटर, नेरूळला दोन खोल्यांचा फ्लॅट. लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात गोटीरामने जिताडा माशाचं वीतभर पिल्लू आणून जुन्या शेतातल्या तळ्यात सोडलं. शेत कागदावर गेलं होतं, पण तळं बुजवायला अजून कुणी आलं नव्हतं. तो येता-जाता त्याला खायला मूठभर बारीक कोलीम टाकायचा. कुणासाठी, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. नवस बोलल्यापासून तो एकच वाक्य बोलत आला होता: पुतलाच्या मांडीवर पोर येऊ दे, मग तू आन् मी एका ताटात जेवू.

सत्त्याऐंशीच्या जानेवारीत पुतळा माहेरी बाळंत झाली. मुलगा झाला. बयाबाईने काठी टेकत जाऊन गावदेवीला नारळ कबूल केला आणि परत येऊन सांगितलं की सव्वा महिना झाला की पोराला देवीच्या पायावर घालायचं, आणि घरी येऊन वेणूने घास घ्यायचा. नवस पुरा झाला की सुटावं लागतं. सुटलं नाही तर देवीचा हात अर्ध्यावर राहतो, आणि त्याचा भार पोरावर येतो.

वेणूबाई हो म्हणाली. आणि त्या दिवसापासून तिचं जेवणावरचं मन उडालं.

कारण गोष्ट अशी होती, की तिला नको होतं. पहिली दोन वर्षं सुक्या बोंबलाच्या वासाने तिच्या तोंडाला पाणी सुटायचं, ती पदर नाकाला लावायची. तिसऱ्या-चौथ्या वर्षी केव्हातरी ते पाणी आटलं. वालाला मोड आले की त्यांचा जो ओलसर गोड वास येतो, त्याने तिला भूक लागू लागली. पडवीतली ती चूल, ते काळं बोळकं, सगळे जेवून पांगल्यावरची ती घटकाभर. अख्ख्या घरात तेवढंच तिचं होतं. लोक म्हणत, वेणूने लेकीपायी केवढं सोसलं. तिला सांगायचं होतं की बायांनो, सोसणं कधीच संपलं, आता मी सुखाने खाते. पण सोसलं नाही म्हणावं तर देवीला दिलं काय? आणि तळ्यात जिताडा वाढत होता.

एके दिवशी सकाळी बाळाला तेल लावता लावता तिने पुतळाजवळ हळूच काढलं, की मना आता नको वाटतं गो. गिळवनार नाय.

बाळ दोन दिवस नीट पीत नव्हतं, पुतळाचे डोळे जागून सुजले होते. ती आईच्या हाताकडे बघत राहिली.

"आये, माझ्यासाठी सोडलंस ना," ती म्हणाली, "मग माझ्यासाठीच खा."

वेणूबाईने बाळाचे पाय पोटाशी दुमडले, सोडले, पुन्हा दुमडले. बरं, म्हणाली.

सव्वा महिन्याच्या दिवशी पहाटे गोटीराम तळ्यात उतरला. जिताडा चांगला दोन हात भरला. त्याने तो लहान मुलासारखा कवेत धरून आणला. पोर देवीच्या पायावर घालून सगळे परत आले, जावई आला. वेणूबाईने स्वतःच कालवण केलं. लसूण, घरचा मसाला, चिंच, वरून खोबरं. हात ठरल्या अंदाजाने मिठाच्या बरणीत गेला आणि बाहेर आला. थेंब गोटीरामच्या तळहातावर ठेवला. त्याने चाटला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, बरोबर.

दुपारी ताटं मांडली. गोटीरामच्या शेजारी ती बसली, एका ताटात. त्याने पोटाकडची तुकडी तिच्या बाजूला सरकवली. पुतळा बाळाला मांडीवर घेऊन आईच्या तोंडाकडे बघत होती. वेणूबाईने भाताबरोबर घास केला, डोळे मिटले, देवीचं नाव घेतलं आणि तोंडात घातला.

ओकारी येईल असं तिला वाटलं होतं. आली नाही. काहीच आलं नाही. तिने घास इकडून तिकडे फिरवला, गिळला. डोळे उघडले.

"ह्याच्यात मीठ नाय," ती म्हणाली.

समोर जावयाची चिमूट ताटातल्या मिठावर होती, ती तिथेच थांबली. पुतळाने मान खाली घातली. वेणूबाईने एकेक ताट बघितलं. प्रत्येकाच्या डाव्या अंगाला मीठ, आणि प्रत्येकाच्या मिठात बोटांची खूण.

मग बयाबाई हसायला लागली. दात नसलेलं, पोटातून येणारं हसू, थांबेना. सोळा वरसं, म्हणाली, सोळा वरसं आमी आळनी खातंव, देवी सोडवील तवा सोडवील. आणि मग एकेक निघालं. लग्नाच्या रांधपात तिला भाताकडे का बसवत ते. पाहुण्यांना बयाबाई दारातच काय बजावत असे ते. पुतळा आईचा हात शिकून सासरी गेली, तर पहिल्याच दिवशी सासूने विचारलं होतं की मिठागरावरच्या लेकी, तुमच्या गावात मीठ महाग हाय का?

वेणूबाई नवऱ्याकडे वळली. तो भात कालवत होता, कालवून झाला होता तरी कालवत होता.

"तुमी रोज खोटं बोललाव."

गोटीरामने हात थांबवला. तो बोलला ते थोडंच. टोप ओतला त्या दिवशी ती रडली होती. उद्या पुन्हा चुकलं तर ही रागाने, नाहीतर विसरून, हात तोंडाला नेईल, असं त्याला भ्या वाटलं. आणि पोर तर नुकतीच उठून बसलेली.

"जास्त झालेलं काढता येत नाय," तो म्हणाला. "कमी असलं तर ताटात घेता येतं."

वेणूबाई उठली. तिला राग आला होता, आणि रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं. त्याला नाव देण्याइतका वेळ तेव्हा नव्हता. तिने टोप पुन्हा निखाऱ्यांवर ठेवला, बरणी आणली, मूठभर मीठ घातलं, ढवळलं. पळीतला थेंब घेऊन आली आणि नवऱ्यापुढे उभी राहिली. त्याने सवयीने उष्टा हात धोतराच्या काठाला पुसायला नेला, मग डावा पुढे केला.

"खरं सांगा."

त्याने चाटलं. चाटून थांबला, तसा तो रोजच थांबायचा. "अजून थोडं," म्हणाला.

तिने थोडं घातलं. पुन्हा थेंब. या वेळी त्याच्या भुवया अशा वर गेल्या की तिने सोळा वर्षांत पाहिल्या नव्हत्या. तिने सगळ्यांना नव्याने वाढलं. घरात बराच वेळ नुसते भुरके ऐकू येत होते.

नवस सुटला होता. बाळ पुतळाच्या मांडीवर चुरूचुरू पीत होतं. वेणूबाईने ताटातली जिताड्याची तुकडी उचलून नवऱ्याच्या भातावर ठेवली, हात राखेने घासून धुतले आणि पडवीतून बोळकं आणलं. आज मात्र ती तिकडे बसली नाही, इथेच, त्याच्या शेजारी बसली. बयाबाईने बघितलं आणि विचारलं, आता गो कुणासाठी? आता कुणासाठी नाय, वेणूबाई म्हणाली, मना आवडतं म्हनून.

गोटीरामने पाणी घेऊन डावा हात धुतला. त्याचं एका ताटाचं स्वप्न असं नव्हतं. तरी त्याने तो हात बोळक्याखाली धरला. वेणूबाईने वालाचे चार दाणे त्याच्या तळहातावर ठेवले. त्याने ते तोंडात टाकले, आणि तिच्याकडे बघत बसला.

"हे तू रोज चाखून करतंस?"

"मंग?"

बयाबाईने आपलं ताट पुढे ढकललं. मलाही घाल, म्हणाली.