सामन्यानंतरचा ताप

“हालू नको गो,” म्हणत सोनूबाईनं मीठ-मिरच्यांची मूठ लेकीवरून, कौसल्येवरून, तिसऱ्यांदा उतरवली.

कौसल्येचं अंग तापानं फणफणलं होतं. आदल्याच संध्याकाळी लालबागच्या मैदानावर तिनं कबड्डीच्या एका चढाईत तिघींना बाद केलं होतं. दर सामन्याचं हेच होतं: आज ढाल, उद्या ताप. एवढ्या टाळ्या पडल्यावर दृष्ट लागणारच, असं चाळीचं एकमत होतं, आणि चाळीचं एकमत झालं की डॉक्टरला कोण विचारतो!

या खेपेला मात्र थांबून चालणार नव्हतं. गिरण्यांच्या संपाला वर्ष होत आलं होतं. बाप महादेव, जन्मभर गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहिलेला माणूस, गॅलरीत बसून गावी परतायच्या गोष्टी करू लागला होता. पंधरा दिवसांनी एका बँकेच्या महिला कबड्डी संघाची निवड होती. कौसल्या निवडली गेली तर नोकरी, आणि नोकरी लागली तरच घर मुंबईत टिकणार होतं. शेवटी तिला खेळ शिकवणारे नानाच म्हणाले, “वैनी, मिरच्या पुरे झाल्या. दवाखान्यात न्या पोरीला.”

डॉक्टरबाईंनी घसा पाहिला, ताप पाहिला आणि विचारलं, “पाळी?”

कौसल्या फरशीकडे बघत म्हणाली, “दोन महिने नाय आली.”

 सोनूबाईचं मन नको तिथं धावलं, आणि त्याची तिला पुढं कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

“घाबरू नका,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “खेळून आल्यावर ही जेवते कधी?”

“सगळ्यांचं झालं की,” सोनूबाई अभिमानानं म्हणाली.

तिची गिरणी कामगारांची खानावळ होती. चाळीस ताटांची आता अकरा उरली होती, पण रीत तीच: आधी गडी, मग वाढणाऱ्या बायका. मैदानावरून आलेली कौसल्या पदर खोचून वाढायला उभी राहायची आणि शेवटी उरेल त्या भातावर सार ओतून घ्यायची. एवढं नाव कमावलेली पोरगी वळण विसरली नाही, याचं आईला भारी कौतुक.

“जीव तोडून खेळल्यावर काही तास अंगाला रोगाशी झगडायची ताकद कमी पडते,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “त्यात पोट रिकामं आणि विश्रांती नाही. पाळीसुद्धा त्यापायीच थांबली असावी. मैदानावरून आली की आधी जेवण, मग झोप. दृष्ट-बिष्ट काही नाही.”

परतीच्या वाटेवर सोनूबाई लेकीची उरल्यासुरल्या भाताची ताटं आठवत चालली. कुठल्या गड्याला किती भूक, हे चेहऱ्यावरून ओळखणारी बाई ती. पोटच्या पोरीची भूक तेवढी तिला दिसली नव्हती. तिला फार वाईट वाटलं.

ताप उतरून सराव सुरू झाला त्या संध्याकाळी पहिलं ताट कौसल्येपुढे आलं. हात धुऊन आलेले गडी दारातच थबकले.

“आज काय सण हा?” म्हातारा दगडू म्हणाला.

“माझां चेडू आधी जेवतलां. तुमका घाई आसात तर दुसरी खानावळ बघा!” लेकीच्या ताटात भात वाढत सोनूबाईनं सुनावलं.

कोणी हललं नाही. महादेवानं मुकाट्यानं स्वतःचा पाट उचलून लेकीला दिला. शरमेनं मान खाली घालूनच कौसल्येनं पहिला घास घेतला.

निवडीच्या दिवशी सोनूबाई जन्मात पहिल्यांदा मैदानावर गेली, डबा घेऊन. कौसल्या अंगात कणकण नसताना खेळली आणि झक्क खेळली. बाहेर आली तेव्हा तळहात सोलले होते, कोपरापर्यंत माती.

“आये, थांब ना. यादी वाचतायत.”

“वाचूंदेत. आ कर.”

आईनं बांगड्याच्या कढीत भात कालवून सगळ्यांदेखत भरवायला सुरुवात केली. पोरी खिदळल्या. एकोणीस वर्षांच्या कौसल्येचे कान लाल झाले, पण तिनं तोंड उघडलं. बारा जणींच्या यादीतलं एकेक नाव पुकारलं जात होतं. दहा झाली, अकरा झाली.

“कौसल्या महादेव परब!”

कौसल्येचं तोंड गच्च भरलेलं. आवाज फुटेना.

“कौसल्या परब आहे का?” यादी वाचणाऱ्या बँकेच्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

सोनूबाईनं भातानं माखलेला हात उंच वर केला, आणि तो काही केल्या ती खाली घेईना.