बाळंतिणीचा डबा

मित्रांनो, नाहूर स्टेशनाजवळच्या एका इमारतीत, न्हाणीघराच्या फळीवर शिकेकाईने भरलेला जो गंजका डबा दिसतो, तो मी. पाण्याच्या शिंतोड्यांनी माझ्या अंगावरचे चित्र पुसट झाले आहे. तथापि नीट पाहिलेत तर बाळाला कुशीत घेतलेली एक स्त्री अजून ओळखू येईल. तशाच एका स्त्रीसाठी मी एकदा सूड घेतला. सूड वाईट, असे तुम्हांला शाळेत शिकवले असेल. आधी माझी हकिकत ऐका; वाद मग घालू.

माझा जन्म घाटकोपरच्या एका कारखान्यातला. पत्रा कापला गेला, वळवला गेला, त्यावर ते चित्र छापले गेले आणि माझ्या पोटात प्रथिनांची तपकिरी पूड भरली गेली. अशक्त माणसांना, विशेषतः गरोदर आणि बाळंत स्त्रियांना, डॉक्टर ती दुधातून घ्यायला सांगत. तिचा वास चांगला नव्हता, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

मुलुंडच्या एका औषधाच्या दुकानात माझी निवड झाली. नलिनी नावाची नुकतीच बाळंत झालेली सून आणि तिची शेजारीण नीला अशा दोघी आल्या होत्या. दुकानदाराने माझ्या शेजारचा एक झगमगीत डबा पुढे सरकवला.

"हा न्या, चॉकलेटचा. लेडीज लोक हाच नेतात."

"लेडीज काय नेतात ते लेडीजना ठरवू द्या ना!" नीला म्हणाली. ती कचेरीत नोकरी करणारी, वाचल्याशिवाय काही न घेणारी. तिने दोन्ही डबे फिरवून बारीक अक्षरे वाचली. "नलू, हे बघ. यात निम्मी साखरच आहे. खीर करायचीय का तुला?"

"पण त्या दुसऱ्याला वास येतो म्हणतात गं."

"येऊ दे. नाक दाबून पी. तुला ताकद हवीय की अत्तर?"

नलिनी हसली. माझ्यावरच्या चित्रावरून तिने बोट फिरवले आणि म्हणाली, "हाच द्या." मित्रांनो, कारणे तपासून कोणीतरी आपल्याला निवडावे, याहून मोठा मान डब्याला कोणता?

घरी नलिनीचा नवरा लवू, सासू जानकी आणि धाकटा दीर चंद्रप्रकाश अशी माणसे होती. मला स्वयंपाकघरातल्या फळीवर जागा मिळाली. नलिनी रोज सकाळी चमच्याच्या दांड्याने माझे झाकण उचकटी, दोन चमचे पूड दुधात ढवळी, नाक दाबून पिई आणि मुलीला पाजायला बसे.

पण तिच्याआधी, पहाटे, दुसराच एक हात मला उघडू लागला. तो हात चंद्रप्रकाशचा. तो व्यायामशाळेत जात असे. मुलुंडच्या मैदानावर होणाऱ्या शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत त्याला उतरायचे होते. कोणी जागे होऊ नये म्हणून तो दिवा न लावता चमचे भरभरून पूड काढी. पहिल्याच आठवड्यात जानकीने त्याला पाहिले. मला वाटले, आता न्याय होईल. ती कुजबुजली, "सावकाश रे. तिका जाग येयत." आणि तिने स्वतः त्याला दूध ओतून दिले.

व्यायाम करणाऱ्यालाही ताकद लागते, असे कोणी म्हणेल. मान्य आहे. मग त्याने मागायचे होते. मागितले असते तर नलिनीने आपल्या वाटचे निम्मे दिले असते; तिचा स्वभावच तसा होता. तो अंधारात घेत होता, याचा अर्थ हे आपले नव्हे एवढे त्याला पक्के ठाऊक होते.

मी लवकरच रिकामा झालो. नलिनीने तळाशी चमचा खरवडला तेव्हा जानकी म्हणाली, "डबो संपलो गे. तूच संपवलंस. मगे अंगाक कसा लागना नाय?"

पुढच्या तपासणीत मुलीचे वजन वाढलेले दिसले नाही. घरी येताच जानकीने शेजारणींसमोर तोंड सोडले. "आखो डबो खाल्ल्यान! आमी पेज पिवन पोरां वाढवलंव. हिच्या दुधातच जोर नाय. आता आरेच्या दुधाची बाटली सुरू करूया."

नलिनीला मुलीला अंगावरच पाजायचे होते. भरल्या खोलीत तिला अधाशी ठरवले गेले. आता आईपणातही ती उणी ठरत होती. ती मुलीला घेऊन आतल्या खोलीत गेली. मी मात्र फळीवर रिकाम्या पोटाने धुमसत राहिलो. माझ्या अंगावर आईचे चित्र होते आणि माझाच पुरावा करून एका आईला खोटे पाडले गेले होते. त्या दिवशी मी ठरवले, याची परतफेड होईल. पण डब्याने करायचे काय? डब्यात जे भराल तेच तो देतो. मला फक्त भरणारा हात हवा होता.

तो हात नलिनीचाच निघाला. रोजच्या दोन चमच्यांनी डबा इतक्या लवकर संपत नाही, हा हिशेब तिने केला होता. ती नीलाबरोबर जाऊन नवा डबा घेऊन आली, पण तो नीलाच्या घरीच ठेवला. दुपारी मुलीला घेऊन ती तिकडे जाई आणि तिथेच पूड पिई. बाळंतिणीच्या न्हाणासाठी तिने शिकेकाई दळून आणली होती. आमच्या घरांत रिकामा डबा कोणी टाकत नाही. ती शिकेकाई तिने माझ्यात काठोकाठ भरली, झाकण घट्ट दाबले आणि मला पूर्वीच्याच फळीवर ठेवले. कोणाला काही सांगितले नाही. कोणी विचारलेही नाही. नवा डबा आला, एवढेच घराने गृहीत धरले.

स्पर्धेच्या दिवशी पहाटे ओळखीचा हात आला. माझे झाकण मी आजवर इतक्या आनंदाने कधीच उघडू दिले नव्हते. त्याने चमच्यामागून चमचे दुधात टाकले. ढवळताच फेसाचा डोंगर उभा राहिला.

"आयला, काय जोर आहे!" तो स्वतःशीच म्हणाला, आणि नाक दाबून एका दमात प्याला.

पुढचे लवूने घरी येऊन सांगितले. तेव्हा हसू आवरताना त्याची पुरेवाट होत होती. अंगाला तेल चोपडून चंद्रप्रकाश मंचावर आला. दंड फुगवले. छाती फुगवली. मग गाल फुगले. परीक्षक पुढे झुकले, आणि तो तोंडावर हात दाबून जो पळाला तो थेट मंडपामागच्या गटारापाशी थांबला.

दुपारी तो पांढराफटक होऊन घरात शिरला. जानकीच्या ओरडण्याने शेजारणी दारात जमल्या होत्या. त्यांत नीलाही होती.

"वहिनी, त्या डब्यात काय होतं?"

"कुठल्या, भावजी?"

"तुझ्या पावडरच्या! रोजच्यासारखी नव्हती ती. वाट लागली माझी!"

बोलून गेल्यावर तो थबकला. नलिनीने मांडीवरच्या मुलीच्या झबल्याची नाडी सावकाश बांधली.

"त्यात माझी न्हाण्याची शिकेकाई आहे. डबा संपला असं आईंनीच सांगितलं होतं ना? रिकामा डबा म्हणून भरली." मग तिने मान वर केली. "पण भावजी, माझी रोजची चव तुम्हांला कशी ठाऊक?"

लवूने हसणे थांबवून आईकडे पाहिले. जानकीची नजर जमिनीवर खिळली. दारातून नीला म्हणाली, "काकी, आता सांगा ना, अंगाला कोणाच्या लागलं?"

आरेच्या बाटलीचे नाव त्या घरात पुन्हा कोणी काढले नाही. पुढच्या तपासणीत मुलीचे वजन वाढले होते.

त्यानंतर माझी जागा न्हाणीघरात आली. ती मुलगी आता शाळेत जाते आणि तिचे लांबसडक केस माझ्यातल्या शिकेकाईनेच धुतले जातात. चंद्रप्रकाशचे पोट सुटले आहे. पाणी पितानाही तो आधी वास घेतो. तो न्हाणीघरात आला की मी फळीवर मुद्दाम जरा पुढे सरकून बसतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणाच्या तरी नावाचा डबा असेल: आईचा, ताईचा, आजारी आजीचा. त्यातले हवे असेल तर दिवा लावा आणि मागा. तो घास ज्याचा आहे त्याला पोचू द्या. नाहीतर अंधारात झाकण उघडा खुशाल; आम्ही डबे तक्रार करत नाही. आम्ही भरून येतो.